ईव्हीडी आणि शंटमधून होणारा मेंदूज्वर : जंतू कुठून शिरतात, कसा ओळखायचा, नळी कधी काढायची

निशिगंध

न्यूरो आयसीयूत नव्याने येणाऱ्या सिस्टर-ब्रदरना ईव्हीडी, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी, शिकवताना सगळा भर पातळी लावणं आणि तासाला किती मिली आलं हे लिहिणं, यावरच जातो. जंतुसंसर्गाबद्दल "ॲसेप्टिक राहा" (जंतू शिरू देऊ नका) एवढं एकच वाक्य सांगितलं जातं. नेमकं कुठे, कोणत्या क्षणी ॲसेप्टिक, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मेंदूच्या पोकळ्यांत दिवसाला साधारण ५०० मिली पाणी, म्हणजे सीएसएफ, तयार होतं आणि एका वेळी आत १५० मिलीच्या आसपास असतं. रक्तस्राव, गाठ किंवा क्षयाच्या मेंदूज्वरामुळे त्याची वाट अडली की तात्पुरती नळी बाहेर काढतात, ती ईव्हीडी. कायमची नळी त्वचेखालून पोटात सोडतात, तो व्हीपी शंट. दोन्हींतून जंतू गेले तर मेंदूच्या पोकळ्यांना सूज येते, तो व्हेंट्रिक्युलायटिस, आणि पुढे मेंदूज्वर.

प्रश्न असे: जंतू नक्की कुठून शिरतात? रोज नमुना पाठवावा का? ताप आला की लगेच "ईव्हीडीचंच" म्हणायचं का? नळी कधी काढायची? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मेंदूवैद्य

चांगला विषय. जंतूंना वाटा चार आहेत: नळी घालतानाच, नळीच्या बाहेरच्या बाजूने त्वचेवरून, जोड उघडल्यावर नळीच्या आतून, आणि क्वचित रक्तातून. पहिली वाट आम्हा सर्जनच्या हातात आहे, मधल्या दोन वॉर्डाच्या.

घालताना: केस रेझरने काढू नयेत, क्लिपरने कापावेत. रेझरचे सूक्ष्म ओरखडे हेच जंतूंचं घर होतं. त्वचा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने साफ करून ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ओलं क्लोरहेक्सिडिन मेंदूच्या आवरणापर्यंत पोचता कामा नये. चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत सेफाझोलिन या ॲण्टिबायोटिकचा एक डोस, प्रौढांना २ ग्रॅम. नळी घालायची जागा, कोखर पॉइंट, म्हणजे नाकाच्या मुळापासून मागे ११ सेंमी आणि मध्यरेषेपासून बाजूला अडीच-तीन सेंमी. तिथून नळी आत गेल्यावर ती त्याच भोकातून बाहेर आणायची नसते. त्वचेखालून निदान ५ सेंमी लांब नेऊन दुसऱ्या जागी बाहेर काढतात. हा बोगदा म्हणजे त्वचेवरचे जंतू आणि मेंदू यांच्यातलं अंतर आहे. घाईत तो आखूड ठेवला की पुढचे दहा दिवस सगळ्यांनी कितीही हात धुतले तरी धोका वाढलेलाच राहतो.

आणि गळती. ड्रेसिंग ओलं दिसलं तर ते बदलून मोकळं होऊ नका, लगेच फोन करा. नळीच्या कडेने सीएसएफ बाहेर येत असेल तर त्याच वाटेने जंतू आत जातात. टाका घालावा लागतो आणि नळी तुंबलीय का, हेही बघावं लागतं. ओल्या ड्रेसिंगवर आणखी एक गॉज चढवणं म्हणजे गळती झाकून ठेवणं आहे.

रात्रपाळी

सरांनी सर्जनची बाजू लिहिली, मी वॉर्डाची लिहिते.

पातळीपासूनच सुरुवात करते, कारण संसर्गाशी तिचा संबंध आहे. शून्य म्हणजे कानाच्या छिद्रासमोरचा ट्रॅगस, रुग्ण उताणा असताना. लेसर किंवा पाणसळ वापरा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. ड्रिप चेंबर डॉक्टरांनी सांगितलेल्या उंचीवर, बहुधा १० ते १५ सेंमी. पाण्याचा १३.६ सेंमी दाब म्हणजे पाऱ्याचा १० मिमी. मोजपट्टीवर दोन्ही आकडे असतात, ऑर्डर कोणत्या एककात आहे ते लिहून घ्या. डोक्याकडची बाजू वर-खाली केली, कूस बदलली, फिजिओ झाली, की आधी क्लॅम्प, मग हालचाल, मग पुन्हा शून्य, मग क्लॅम्प उघडणं. उघडायचं राहिलं तर दाब वाढतो. क्लॅम्प न करता रुग्णाला उठवून बसवलं तर क्षणात भसकन पाणी जातं. पोकळ्या आक्रसतात, नळी भिंतीला चिकटते, पाणी थांबतं आणि मग कुणीतरी फ्लश करायला सिरिंज घेऊन येतं. असं चुकीच्या पातळीतून सर्किट विनाकारण उघडलं जातं.

सर्किट उघडण्याबद्दल मी अतिशय कडक आहे. कारण लिहिलेलं नसेल तर थ्री-वे (नळीच्या जोडावरची तोटी) उघडायचा नाही. उघडायचाच असेल तर: मास्क, हात धुणं, निर्जंतुक ग्लव्हज, खाली निर्जंतुक टॉवेल. पोर्ट ७० टक्के अल्कोहोलने निदान १५ ते ३० सेकंद घासायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. फुंकर मारून वाळवायचा नाही. ओलं अल्कोहोल सीएसएफमध्ये गेलं तर ते मज्जेला अपायकारक आहे. जुनं टोपण परत लावायचं नाही, नवीन निर्जंतुक टोपणच.

सगळ्यात दुर्लक्षित क्षण सक्शनचा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची सक्शन करून त्याच ग्लव्हजने ईव्हीडीचा क्लॅम्प उघडला जातो. श्वासनळीतला ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू नळीवर जातो तो असा. सक्शननंतर ग्लव्हज काढा, हात धुवा, मगच ईव्हीडीला हात लावा.

पिशवी तीन चतुर्थांश भरली की बदला. रोज बदलायची गरज नाही, कारण तेवढ्या वेळा जोड उघडतो. पिशवी आणि चेंबर उभेच ठेवा. सीटीला नेताना बेडवर आडवे टाकले तर चेंबरवरचा हवेचा फिल्टर भिजतो. भिजलेल्या फिल्टरमधून हवा जात नाही, थेंब थांबतात आणि नळी तुंबली असा समज होतो. पाणी थांबलं तर क्रमाने बघा: क्लॅम्प, पीळ, पातळी, फिल्टर. मग चेंबर क्षणभर खाली करून थेंब पडतो का, नळीतलं पाणी नाडीबरोबर हलतं का ते बघा आणि चेंबर पुन्हा जागेवर आणा. थेंब पडला नाही तर डॉक्टरांना बोलवा. मेंदूकडच्या बाजूला सिस्टरने फ्लश करायचं नाही.

अक्षांश

रात्रपाळीताई, रोज सीएसएफ पाठवलं तर संसर्ग आधीच कळणार नाही का? बऱ्याच ठिकाणी एक दिवसाआड नियमच असतो.

पेट्रीडिश

अक्षांश, हा नियम बंद व्हावा असं माझं ठाम मत आहे. रोज नमुना म्हणजे रोज एकदा सर्किट उघडणं. संसर्ग शोधायच्या नावाखाली आपण त्याला दार उघडून देतो. शिवाय रोजच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, कधीतरी त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस येतोच. मग पेशी आणि ग्लुकोज जैसे थे असताना, रुग्णाला काही त्रास नसताना व्हँकोमायसिन हे ॲण्टिबायोटिक सुरू होतं. एकाच नमुन्यात कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ (हाच त्वचेवरचा जंतू), तोही फक्त ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, आणि बाकी काही बदल नाही, तर ते बहुधा दूषण असतं. त्याच जंतूची दुसऱ्या नमुन्यातही वाढ झाली, किंवा ग्रॅम डागात (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली) दिसला, तर गोष्ट वेगळी.

नमुना घ्यायचा तो कारण असताना: नवा ताप, जाणिवेची पातळी घसरणं, पाणी गढूळ होणं, नवे झटके. आणि घ्यायचा तो रुग्णाच्या सर्वांत जवळच्या पोर्टमधून, अगदी सावकाश, एक-दोन मिली. पिशवीतला नमुना पाठवू नका. त्यात कित्येक तास जुनं पाणी असतं, वाढलेले जंतू कुठले ते सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत लगेच पोचवा. पेशी मोजायच्या नमुन्यात दर तासाला न्यूट्रोफिल फुटत जातात. खोलीच्या तापमानाला दोन तासांत ते निम्म्याच्या आसपास उरतात आणि "पेशी फारशा नाहीत" असा दिलासा देणारा अहवाल येतो. कल्चरचा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. त्याच वेळी रक्तातली साखर मोजून फॉर्मवर लिहा. सीएसएफ ग्लुकोज ५० आहे एवढ्यावर काही ठरत नाही. रक्तातली साखर ९० होती की २४० होती, यावर अर्थ बदलतो.

आणखी एक: फॉर्मवर "ईव्हीडी" किंवा "शंट" असं ठळक लिहा. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा सावकाश वाढणारा जंतू शंटमध्ये नेहमी सापडतो. त्यासाठी ॲनेरोबिक कल्चर १० ते १४ दिवस ठेवावं लागतं. फॉर्मवर नुसतं "सीएसएफ" असेल तर काही दिवसांत "वाढ नाही" म्हणून प्लेट फेकली जाते.

निशिगंध

खूप उपयुक्त. पण पोकळीत आधीच रक्त असेल तर? रक्ताबरोबर पांढऱ्या पेशीही येणारच, आणि रक्तामुळे ताप येतो असंही म्हणतात.

पेट्रीडिश

नेमका अवघड भाग तोच. पोकळीत रक्त असेल तर जंतूंशिवायही दाह होतो, पेशी वाढतात, ग्लुकोज थोडं उतरतं, लॅक्टेट वाढतं, ताप येतो. म्हणून एका दिवसाचा आकडा बघून निर्णय घेऊ नये, कल बघावा. त्यासाठी सेल इंडेक्स सोपा आहे: सीएसएफमधल्या पांढऱ्या व लाल पेशींचं गुणोत्तर भागिले रक्तातलं तेच गुणोत्तर.

उदाहरण. रक्तात पांढऱ्या १०,००० आणि लाल ५० लाख, म्हणजे १:५००. सीएसएफमध्ये लाल २०,००० आणि पांढऱ्या ४०, तेही १:५००. इंडेक्स १, म्हणजे पांढऱ्या पेशी फक्त रक्ताबरोबर आलेल्या. पुढच्या नमुन्यात लाल १२,००० वर उतरल्या, पण पांढऱ्या २४० झाल्या. आता १:५०, म्हणजे इंडेक्स १०. रक्त कमी होत असताना पांढऱ्या पेशी वाढतायत, याचा अर्थ आत काहीतरी नवं सुरू झालंय. इंडेक्स पाचपट किंवा अधिक वाढला तर गांभीर्याने घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णात सीएसएफ लॅक्टेट ४ मिलीमोलच्या वर असेल तर संशय बळावतो, पण रक्त असताना एकट्या लॅक्टेटवर विसंबू नका.

मेंदूवैद्य

याला पुष्टी. ईव्हीडी असलेल्या रुग्णाला ताप आला तर छातीचा फोटो, लघवी, मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन, पायातली गुठळी, औषधाचा ताप, हे सगळं त्याच दिवशी बघायचं. पण त्यातलं एखादं सापडलं म्हणून सीएसएफ विसरायचं नाही. आणि मान ताठ नाही म्हणून व्हेंट्रिक्युलायटिस नाही, असं म्हणू नये. संसर्ग पोकळीत आहे, पाठीच्या कण्याकडचं आवरण साफ असू शकतं. मानेची तपासणी इथे फार कमी मदत करते. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रांत पोकळ्यांच्या मागच्या शिंगांत, म्हणजे मागच्या टोकांत, तळाला साचलेला पू दिसला तर शंका उरत नाही.

ठरावीक दिवसांनी नळी बदलण्याची सवयही सोडावी. पाचव्या-सातव्या दिवशी "प्रतिबंध म्हणून" नवी नळी घालणं म्हणजे मेंदूतून आणखी एक भोक आणि धोक्याची पहिली वाट पुन्हा उघडणं. त्यापेक्षा रोज राउंडला विचारा: आज ही नळी लागतेय का? तसंच ईव्हीडी आहे तितके दिवस ॲण्टिबायोटिक चालू ठेवण्याचंही. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्याची शिफारस करत नाहीत. घालतानाचा डोस पुरे. लांबलेल्या ॲण्टिबायोटिकने साधे जंतू मरतात आणि मग जो संसर्ग होतो तो औषधांना दाद न देणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंचा असतो. आपल्या आयसीयूंत ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला आधीच ठाण मांडून आहेत.

औषधमात्रा

औषधांबद्दल मी लिहितो. सगळे डोस प्रौढांचे, मूत्रपिंड ठीक असतानाचे. अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

कल्चर यायच्या आधी: व्हँकोमायसिन आणि जोडीला स्यूडोमोनसवर चालणारं सेफेपिम, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम. मेरोपेनेम मेंदूसाठी २ ग्रॅम दर ८ तासांनी. १ ग्रॅमचा नेहमीचा डोस इथे अपुरा आहे. व्हँकोमायसिनचा सुरुवातीचा डोस किलोला २५ ते ३० मिग्रॅ, मग १५ ते २० मिग्रॅ दर ८ ते १२ तासांनी. पुढच्या डोसआधीची रक्तपातळी मिलीला १५ ते २० मायक्रोग्रॅम. ताशी १ ग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नका, अंग लाल होऊन रक्तदाब उतरतो.

आता न्यूरो वॉर्डात सगळ्यात धोकादायक जोडी: मेरोपेनेम आणि झटक्यांवरचं व्हॅल्प्रोएट. कोणतंही कार्बापेनेम (मेरोपेनेमच्या गटातलं औषध) सुरू केलं की एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची रक्तपातळी कोसळते. डोस वाढवून ती भरून निघत नाही. रुग्णाला झटके येतात आणि ते मेंदूज्वरामुळे आले असं समजलं जातं. मेरोपेनेम लिहिलं त्याच वेळी व्हॅल्प्रोएटच्या जागी लेव्हेटिरासिटाम करून घ्या. सिस्टरनी चार्टवर ही दोन नावं एकत्र दिसली तर लगेच विचारावं. सेफेपिमही मूत्रपिंड मंद असताना झटके आणि गुंगी आणतं.

शिरेतून दिलेली औषधं सीएसएफमध्ये पुरेशी पोचत नसतील तर ईव्हीडीतून थेट देतात: व्हँकोमायसिन ५ ते २० मिग्रॅ, जेंटामायसिन ४ ते ८ मिग्रॅ, अमिकासिन बहुधा ३० मिग्रॅ, कोलिस्टिन १० मिग्रॅ. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच औषध आणि तसंच सलाइन. जेवढं द्यायचं तेवढं सीएसएफ आधी काढायचं. दिल्यावर १५ ते ६० मिनिटं क्लॅम्प, त्या वेळात दाब आणि जाणीव बघत राहायचं आणि वेळ संपली की आठवणीने उघडायचं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन पोकळीत कधीही देऊ नयेत, तीव्र झटके येतात.

कोलिस्टिनच्या एककांनी फार गोंधळ होतो. वरचे १० मिग्रॅ हे कोलिस्टिमेथेट सोडियमचे, म्हणजे १,२५,००० युनिट. १० लाख युनिटची बाटली म्हणजे कोलिस्टिमेथेट ८० मिग्रॅ, पण कोलिस्टिन बेस म्हणून मोजलं तर फक्त ३३ मिग्रॅच्या आसपास. बेस समजून १० मिग्रॅ मोजले तर डोस अडीचपट होतो. म्हणून ऑर्डर युनिटमध्येच लिहायची. १० लाखांची बाटली ८ मिलीत विरघळवली की १ मिलीत बरोबर १,२५,००० युनिट येतात. ताजं बनवा, उरलेलं टाकून द्या.

अक्षांश

घरी शंट असलेल्या मुलांबद्दलही कुणी लिहाल का? साध्या तापाला आईवडील घाबरतात, आणि उलटही होतं, शंटचा ताप "व्हायरल" म्हणून सोडला जातो.

मेंदूवैद्य

शंटचे बहुतेक संसर्ग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दिसतात, कारण जंतू ऑपरेशनच्या वेळीच नळीवर बसलेला असतो. त्या काळात तापाचं दुसरं कारण स्पष्ट दिसत नसेल तर न्यूरोसर्जनना दाखवल्याशिवाय ॲण्टिबायोटिक सुरू करू नये. दोन दिवसांच्या गोळ्यांनी ताप दबतो, कल्चर निगेटिव्ह येतं, आणि नळीवरचा जंतू तसाच राहतो.

बघायचं काय: उलट्या, गुंगी, चिडचिड, बाळाची टाळू फुगणं, कानामागून मानेवरून छातीवर जाणाऱ्या नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज, टाक्यातून पाझर. आणि पोट! नळीचं खालचं टोक पोटात आहे. पोट दुखणं, फुगणं, हाताला लागणारी गाठ, म्हणजे टोकाभोवती साचलेलं पाणी, हे शंटच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. अपेंडिक्स समजून पोट उघडण्याआधी शंटचा विचार व्हावा. कधी नळीचं टोक आतड्यात शिरून शौचाच्या जागी दिसतं. ती नळी घरी ओढू नका, आत ढकलू नका, थेट रुग्णालय गाठा.

नमुना कमरेतून न घेता शंटच्या रिझर्व्हॉयरमधून (त्वचेखालच्या छोट्या फुगीर टाकीतून), बारीक २५ गेजच्या बटरफ्लाय सुईने, न्यूरोसर्जननेच घ्यावा. वाट अडलेल्या जलशीर्षात (पोकळ्यांत पाणी साचलेलं असताना) कमरेतून पाणी काढणं धोक्याचं असतं, आणि कमरेचं पाणी साफ असून पोकळीतलं दूषित असू शकतं.

ॲण्टिबायोटिकमध्ये मुरवलेल्या नळ्यांचं विचारणार असाल तर: ब्रिटन-आयर्लंडमधल्या बेसिक्स चाचणीत १,६०५ रुग्णांमध्ये साध्या नळीला संसर्ग ६ टक्के, चांदी असलेल्या नळीला ६ टक्के, आणि रिफाम्पिसिन-क्लिंडामायसिनच्या नळीला २ टक्के आढळला. २०१९ साली लॅन्सेटमध्ये ते प्रसिद्ध झालं. महाग नळी परवडत असेल तर चांदीवर खर्च करू नका, ॲण्टिबायोटिकवाली घ्या.

रात्रपाळी

सर, नळी काढायचीच का, हे नातेवाईक हमखास विचारतात. "औषधं चालू आहेत ना, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?"

मेंदूवैद्य

कारण जंतू सीएसएफमध्ये तरंगत नसतो, नळीला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. हा थर शंटच्या बाबतीत १९७२ सालीच बेस्टन आणि पेनी यांनी दाखवला. त्यातल्या जंतूंपर्यंत औषध पोचतं, पण ते इतके मंदावलेले असतात की मरत नाहीत. औषध थांबलं की पुन्हा ताप. म्हणून उत्तर हेच: संसर्ग झालेला शंट पूर्ण काढायचा, ईव्हीडी घालायची, औषध द्यायचं आणि मग नवा शंट.

नवा कधी? कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ किंवा ॲक्नेस असेल, सीएसएफच्या पेशी ठीक असतील आणि शंट काढल्यावर ४८ तास कल्चर निगेटिव्ह असेल तर तिसऱ्या दिवशीही घालता येतो. पेशी वाढलेल्या असतील पण पुढची कल्चर निगेटिव्ह, तर ७ दिवस औषधानंतर. स्टॅफ ऑरियस किंवा ग्रॅम-निगेटिव्ह असेल तर कल्चर निगेटिव्ह झाल्यावर १० दिवस थांबायचं. औषधाचे दिवस पहिल्या डोसपासून मोजू नका. कल्चर पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येत असेल तर शेवटच्या पॉझिटिव्हपासून १० ते १४ दिवस, ग्रॅम-निगेटिव्हला काही जण २१ देतात. अडथळा योग्य जागी असेल तर या टप्प्यावर दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीला वाट करून देण्याचाही विचार करावा, म्हणजे आत परकी वस्तूच राहत नाही.

निशिगंध

शेवटचं एक. काढलेली नळी दर वेळी कल्चरला पाठवायची का? आमच्याकडे काही जण टोक कापून पाठवतात, काही जण फेकून देतात.

पेट्रीडिश

संसर्गाचा संशय म्हणून काढली असेल तर पाठवा: निर्जंतुक कात्रीने टोक कापून निर्जंतुक कोरड्या डबीत, फॉर्मलिनमध्ये नव्हे. शंट असेल तर वरची नळी, झडप आणि खालची नळी वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येकीवर नाव. सोबत त्याच वेळचं सीएसएफ हवंच. पण काम संपलं, रुग्ण बरा आहे म्हणून काढलेल्या नळीचं टोक पाठवू नका. ते त्वचेतून बाहेर येताना तिथले जंतू घेऊन येतं, अहवाल पॉझिटिव्ह येतो, आणि घरी जायच्या तयारीत असलेल्या माणसाला विनाकारण व्हँकोमायसिन लागतं.